रेझिनच्या ड्राइव्हवेचा रंग कसा निवडावा

इंग्लंडमध्ये नव्याने घर घेतलेल्या मराठी माणसाला रेझिनचा ड्राइव्हवे, म्हणजे घरापुढची मोटार उभी करायची पक्की जागा, समजावून सांगायचा असेल, तर चिक्कीचे उदाहरण पुरते. शेंगदाण्यांच्या जागी भट्टीत वाळवलेली बारीक खडी आणि गुळाच्या पाकाच्या जागी पॉलियुरेथेनचे रेझिन घ्यायचे, दोन्ही मिक्सरमध्ये एकजीव करायचे आणि मिश्रण घट्ट होण्याआधी थापीने पसरून सपाट करायचे. मोटार उभी राहणार असेल तर हा थर साधारण १५ ते १८ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याखाली डांबराचा किंवा काँक्रीटचा पक्का पाया लागतो. रंग निवडताना हे चिक्कीचे चित्र डोळ्यांपुढे असावे, कारण इथे रंग म्हणून वरून वेगळे काही फासलेले नसते. दिसतो तो दगडाचा रंग, आणि तोही पाकाच्या आडून. पाक काळपट झाला तर शेंगदाणे कितीही गोरे असले तरी चिक्की काळीच दिसते.

या प्रकाराला ‘रेझिन-बाउंड’ म्हणतात. जवळपास याच नावाचा, ‘रेझिन-बाँडेड’ हा दुसरा एक प्रकार आहे आणि कंत्राटदाराशी बोलताना दोहोंची गल्लत हमखास होते. या दुसऱ्या प्रकारात पायावर रेझिनचा पातळ थर पसरून त्यावर खडी भुरभुरतात. बाजरीच्या भाकरीवर तीळ लावावेत तसे. हा प्रकार दिसतो सुट्या खडीसारखा, पण त्यातून पाणी खाली जात नाही आणि काही वर्षांनी तीळ सुटावेत तसे खडे सुटू लागतात. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून असा नियम आहे की, घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरहून अधिक जागेवर पाणी न मुरणारी फरसबंदी करून ते पाणी रस्त्यावर सोडायचे असेल, तर नियोजन परवानगी घ्यावी लागते. चिक्कीच्या प्रकारात खड्यांमधल्या फटींतून पाणी खाली मुरते, त्यामुळे बहुतेक घरमालक त्याकडेच वळतात. मात्र खालचा पायाही पाणी मुरू देणारा असला, तरच या गुणाला अर्थ आहे. यापुढचे सारे विवेचन या पहिल्या प्रकाराविषयीचे आहे.

आधी घर, मग नमुने

बहुतेक लोक निवडीची सुरुवात माहितीपत्रकापासून करतात आणि तिथेच फसतात. त्यातली नावे ही विक्रीची नावे असतात. एका पुरवठादाराचे जे ‘सोनेरी’ ते दुसऱ्याचे ‘मधाळ’ असू शकते, आणि एकाच नावाखाली दोघांची मिश्रणे पूर्णपणे वेगळी निघतात. म्हणून नावापेक्षा घटक विचारावेत: यात कोणते दगड आहेत, कोणत्या आकाराचे आहेत, आणि त्यांतला एखादा दगड नैसर्गिक नसून रंगवलेला आहे का. ग्रॅनाइट, गारगोटी, संगमरवर, नदीतले गोटे यांचा रंग मूळचाच असतो. लालभडक, निळे किंवा हिरवे खडे मात्र बहुधा रंग चढवलेले असतात. ते शाळेच्या अंगणात छान दिसतात. घरापुढे त्यांचा उपयोग फार तर एखाद्या पट्ट्यापुरता करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहितीपत्रक मिटून घराबाहेर यावे आणि रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावर उभे राहून आपल्या घराकडे नीट पाहावे. तिथून तीन रंग ठळक दिसतात: भिंतीचा, छपराचा आणि खिडक्या-दारांचा. चौथा रंग सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, तो म्हणजे विटांच्या दर्जांमधला, म्हणजे सांध्यांमधला, चुन्याचा किंवा सिमेंटचा रंग. माझ्या अनुभवात हा चौथा रंगच सर्वांत उपयोगी ठरतो. लाल विटांच्या घरापुढे लाल खडी घातली की दोन लाल एकमेकांशी भांडतात, कारण ते कधीच नेमके जुळत नाहीत आणि किंचित चुकलेला रंग पूर्ण वेगळ्या रंगापेक्षा अधिक खटकतो. साडीशी अर्धवट जुळणारा ब्लाउज जसा डोळ्यांत येतो, तसेच हे आहे. त्याऐवजी दर्जेचा फिकट बदामी किंवा राखाडी रंग मिश्रणाचा मुख्य रंग धरावा, छपराचा गडद रंग त्यात थोड्या खड्यांच्या रूपाने येऊ द्यावा आणि विटेचा लाल आलाच तर चिमूटभर यावा. असे मिश्रण घराशी बोलते आहे असे वाटते, पण घराची नक्कल करत नाही.

ब्रिटनमध्ये घरांचे रंग प्रदेशागणिक बदलतात आणि त्यामागे तिथली माती आणि दगड आहेत. लंडनची जुनी घरे पिवळसर विटांची आहेत, बाथ शहर मधाच्या रंगाच्या चुनखडकाचे आहे, मिडलँड्समध्ये लाल विटेचे राज्य आहे आणि अ‍ॅबर्डीन करड्या ग्रॅनाइटचे आहे. बाथच्या दगडापुढे निळसर करडी खडी परकी वाटते आणि अ‍ॅबर्डीनच्या ग्रॅनाइटपुढे सोनेरी खडी उपरी वाटते. हे कळायला कलेचे शिक्षण लागत नाही, दहा मिनिटे गल्लीतून फिरले की पुरते. घर संवर्धन क्षेत्रात असेल किंवा वारसा यादीत असेल, तर मात्र आपल्या नजरेवर न थांबता काउन्सिलकडे आधी विचारणा करावी.

गेली काही वर्षे खिडक्यांच्या चौकटी गडद राखाडी रंगात घेण्याची मोठी लाट आहे. आरएएल या प्रमाणित रंगयादीतला ७०१६ क्रमांकाचा हा अँथ्रासाइट राखाडी रंग आता गल्लोगल्ली दिसतो. त्याच्या जोडीला ड्राइव्हवेही तसाच गडद राखाडी करावा असा मोह होतो. चौकटीचा रंग ही बारीक रेघ असते आणि ड्राइव्हवे हा मोठा पट असतो. जो रंग रेघेत रुबाबदार दिसतो तो पटात जड होतो. राखाडीच हवा असेल तर पांढऱ्या, करड्या आणि काळ्या खड्यांचे मिश्रण घ्यावे, म्हणजे दुरून राखाडी दिसेल आणि जवळून त्यात जीव दिसेल. मोटारीच्या रंगाशी ड्राइव्हवे जुळवणारे लोकही मी पाहिले आहेत. मोटार चार-पाच वर्षांत बदलते, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते.

उजेडाचा हिशेब

आपण वाढलो ते लख्ख उन्हात, आणि रंग पारखण्याची आपली सवयही त्याच उन्हाची आहे. इथला उजेड वेगळा आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर येतो आणि दुपारी चारच्या आतच मावळतो. जूनमध्ये तोच ६२ अंशांपर्यंत चढतो. बहुतेक घरमालक ड्राइव्हवेचा विचार उन्हाळ्यात करतात, कारण काम करायला हवामान तेव्हा बरे असते, आणि नमुने बागेत उन्हात धरून पसंत करतात. नंतर वर्षाचे सात-आठ महिने तो ड्राइव्हवे ढगाळ प्रकाशात, रिमझिम पावसात आणि दारावरच्या दिव्याच्या उजेडात पाहायचा असतो.

घराचे तोंड उत्तरेकडे असेल तर पुढच्या अंगणात थेट ऊन फार थोडे येते आणि तिथला प्रकाश आकाशातून परावर्तित होऊन येणारा, निळसर झाकेचा असतो. अशा ठिकाणी करडी खडी थंड आणि किंचित निळी दिसते. तिथे बदामी, गव्हाळ किंवा मधाळ रंग बरे, कारण ते उजेडाची उणीव थोडी भरून काढतात. दक्षिणेकडच्या अंगणात उलट अडचण येते: फार फिकट, हस्तिदंती मिश्रण जुलैच्या दुपारी डोळ्यांवर येते आणि तळमजल्यावरच्या खोलीच्या छतावरही त्याची झळक पडते. पूर्व-पश्चिम तोंडांची घरे या बाबतीत सुखी असतात, त्यांनी फार डोके लावू नये.

ओलेपणाचाही एक हिशेब आहे. सुटी खडी पावसात भिजली की गडद होते आणि वाळली की फिकी पडते. रेझिनने मढवलेला खडा मात्र कायमच थोडा ओला असल्यासारखा, खोल रंगाचा दिसतो. त्यामुळे दगडाच्या दुकानात पिशवीतली कोरडी खडी पाहून केलेली निवड जवळजवळ नेहमीच चुकते. तो रंग घरी आल्यावर एक-दोन पायऱ्या गडद झालेला असतो. कोरडीच खडी पाहण्याची वेळ आली, तर मूठभर खडे पाण्यात बुडवून पाहावेत, म्हणजे थोडाफार अंदाज येतो. शिवाय नव्या ड्राइव्हवेवरची चकाकी टिकत नाही. चाकांनी आणि पावलांनी वरची रेझिनची पातळ पापुद्री काही महिन्यांत झिजते, पृष्ठभाग निस्तेज होतो आणि दगडाचा स्वतःचा रंग किंचित फिका होऊन उघडा पडतो. म्हणून कंत्राटदाराला कालपरवा केलेल्या कामाचे फोटो मागण्याऐवजी दोन-तीन वर्षांपूर्वी केलेल्या कामाचा पत्ता मागावा आणि शक्य तर पाऊस पडून गेल्यावर तिथून एक चक्कर मारावी.

नमुना कसा पाहावा

नमुना रेझिनमध्ये प्रत्यक्ष घडवलेला असावा, छापील चित्र चालत नाही. तो निदान तळहाताएवढा असावा. ए-फोर कागदाएवढा मिळाला तर फारच उत्तम. तीनपेक्षा जास्त नमुने एका वेळी पाहू नयेत, कारण चौथ्या नमुन्यापासून डोळा गोंधळतो आणि मग माणूस कंटाळून मधलाच कुठलातरी उचलतो.

नमुना हातात धरून, भिंतीला टेकवून किंवा टेबलावर ठेवून पाहणे ही सर्रास होणारी चूक आहे. ड्राइव्हवे जमिनीवर असतो, म्हणून नमुनाही जमिनीवर आडवा, भिंतीच्या पायथ्याशी ठेवावा आणि उभे राहून खाली पाहावे. निदान एक आठवडा तो तिथेच राहू द्यावा. सकाळी कामाला निघताना, ढगाळ दुपारी, पावसात आणि संध्याकाळी दारावरचा दिवा लावून, अशा चारही वेळी त्याच्याकडे नजर टाकावी. दिव्याच्या पिवळ्या उजेडात बदामी रंग शिळ्या चहासारखा दिसू शकतो आणि पथदिव्याच्या पांढऱ्या उजेडात करडा रंग चक्क निळा होतो. एकदा वरच्या मजल्यावरच्या खिडकीतूनही पाहावे, कारण ड्राइव्हवे पूर्ण पसरलेला दिसतो तो तिथूनच. एकदा दहा पावले मागे जाऊन पाहावे: मिश्रणातले वेगवेगळे खडे त्या अंतरावर विरघळतात आणि त्यांचा एकच सरासरी रंग उरतो. जवळून पांढऱ्या, तपकिरी आणि लालसर खड्यांची सुंदर रांगोळी वाटणारे मिश्रण दुरून नुसते गुलाबी दिसते, हे आधी कळलेले बरे. लहान नमुन्यापेक्षा मोठ्या पटावर तोच रंग फिका भासतो, हेही ध्यानात ठेवावे. दोन छटांमध्ये मन अडकले असेल तर किंचित गडद छटेकडे झुकावे.

खड्याच्या आकारानेही रंग बदलल्यासारखा वाटतो. १ ते ३ मिलिमीटरची बारीक खडी सलग, कापडासारखी दिसते आणि तिच्यावर थापीची एखादी चूकही उठून दिसते. त्यात ६ मिलिमीटरपर्यंतचे खडे मिसळले की पृष्ठभाग ठिपकेदार होतो आणि रंगाला खोली येते. मोटारीच्या जागेसाठी असे मिश्र आकारच अधिक चांगले.

काय लपते आणि काय उघडे पडते

ड्राइव्हवे स्वच्छ असताना सगळेच रंग चांगले दिसतात. प्रश्न आहे तो ऑक्टोबरातल्या ओल्या पानांचा, इंजिनातून गळणाऱ्या तेलाचा आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यात धरणाऱ्या शेवाळाचा.

फार फिकट रंगावर टायरचे काळे फराटे दिसतात, विशेषतः मोटार जागच्या जागी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की. ओकाची पाने ओली राहून कुजली की त्यांतला तपकिरी रंग खड्यांमध्ये उतरतो. सावलीत शेवाळाची हिरवी झाक हस्तिदंती खडीवर सर्वांत आधी डोळ्यांत येते. म्हणून सगळ्यांनी काळा ड्राइव्हवे करावा असे मात्र नाही, कारण एकरंगी काळ्यावर धूळ, परागकण, पक्ष्यांची विष्ठा आणि हिवाळ्यात रस्त्यावरून चाकांबरोबर येणारे मीठ असे सगळे फिके पदार्थ दिसतात. काळी मोटार धुणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गडद पृष्ठभाग उन्हात तापतोही अधिक. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, त्यामुळे इंग्लंडमध्ये तापण्याचा काय प्रश्न, असे आता म्हणता येत नाही. अनवाणी धावणाऱ्या मुलांना आणि कुत्र्याच्या पंजांना त्याचा त्रास होतो. मधल्या छटेचे, तीन-चार रंगांचे मिश्रण सर्वाधिक झाकून नेते. बदामी-तपकिरी-करडे असे मिश्रण इतक्या घरांपुढे दिसते, त्याचे कारण लोकांना कल्पनाशक्ती नाही हे नसून त्यांना दर रविवारी झाडू मारायचा नसतो हे आहे.

डागांच्या यादीत एक डाग आतून येतो. काही नैसर्गिक खडीत लोहयुक्त कण असतात. ते पावसात गंजतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी फिकट पृष्ठभागावर तांबूस ठिपके उमटतात. फिकट मिश्रण घेताना पुरवठादाराला याविषयी थेट विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. हिरवळीवर टाकायच्या खतात लोहाचे क्षार असतील तर तेही उडून खडीवर पडतात आणि तसेच तांबडे डाग देतात. तो दोष दगडाच्या माथी मारू नये.

पाकाची परीक्षा

आता रेझिनकडे वळतो, कारण माझा स्वतःचा पहिला ड्राइव्हवे याच ठिकाणी फसला. घर १९३०च्या दशकातले होते, खाली लाल वीट आणि वर खडीचा गिलावा; आम्ही हस्तिदंती रंगाचे संगमरवरी मिश्रण पसंत केले आणि काम झाल्यावर पहिला महिना शेजारीपाजारी थांबून कौतुक करत होते. मार्चमध्ये घातलेला तो ड्राइव्हवे नोव्हेंबरात एकदा कचऱ्याचे डबे हलवले तेव्हा मला खऱ्या अर्थाने दिसला. डब्यांखाली तीन स्वच्छ हस्तिदंती चौकोन होते आणि भोवतालचा सारा पट दुधाळ चहासारखा पिवळा पडला होता. बदल इतका हळूहळू झाला की रोज त्यावरून ये-जा करणाऱ्या आम्हाला तो कळलाच नाही. करारपत्र काढून पाहिले तर त्यात ‘उच्च दर्जाचे पॉलियुरेथेन रेझिन’ एवढेच लिहिले होते, आणि ते खोटे नव्हते.

पॉलियुरेथेन रेझिन ढोबळमानाने दोन प्रकारचे येते. अ‍ॅरोमॅटिक प्रकार स्वस्त असतो, पण अतिनील किरणांनी पिवळसर-तपकिरी होत जातो आणि हा बदल बहुतांशी पहिल्या काही महिन्यांतच होतो. अ‍ॅलिफॅटिक प्रकार महाग असतो, परंतु उन्हात रंग राखतो. त्याला व्यवहारात ‘यूव्ही-स्टेबल’ म्हणतात. पहिल्या प्रकारचे रेझिन बांधणीला कच्चे असते असे नाही, प्रश्न रंगाचा आहे. गडद तपकिरी किंवा काळसर मिश्रणावर पिवळेपणा जवळजवळ दिसत नाही, तेव्हा तिथे पैसे वाचवायचे असतील तर हा पर्याय विचारात घेता येतो. पांढरा, हस्तिदंती, फिकट करडा किंवा रुपेरी यांपैकी काहीही निवडले असेल, तर अ‍ॅलिफॅटिक रेझिनशिवाय दुसरा विचार करू नये. तेवढे बजेट नसेल तर फिकट रंगाचा हट्ट सोडून मधल्या छटेवर यावे. स्वस्त पाकात महाग दगड घालण्याइतका तोट्याचा सौदा दुसरा नाही. आणि करारात ‘अ‍ॅलिफॅटिक’ किंवा ‘यूव्ही-स्टेबल’ हा शब्द रेझिनच्या नावासह लिहून घ्यावा.

कडा, पायऱ्या आणि उंबरठा

एकाच रंगाचा मोठा पट सपाट आणि कंटाळवाणा वाटतो, म्हणून कडेला दुसऱ्या रंगाची पट्टी घालण्याची पद्धत आहे. ही पट्टी विटांची, ग्रॅनाइटच्या चौकोनी दगडांची किंवा रेझिनचीच असू शकते. रेझिनचीच असेल तर दोन रंगांमध्ये धातूची पट्टी बसवतात, म्हणजे रेघ स्वच्छ राहते. नियम म्हणून सांगायचे तर मधला पट शांत असावा आणि धैर्य दाखवायचेच असेल तर ते काठावर दाखवावे, पैठणीचे जसे अंग साधे आणि काठ-पदर बोलके असतात तसे. मधोमध मोठे वर्तुळ किंवा तारा काढण्याची हौस लहान जागेत टाळावी. त्यावर मोटार उभी राहते आणि ते कोणालाच दिसत नाही.

आपल्या घरांत भारतातून आई-वडील येऊन पाच-सहा महिने राहतात, हे रंग ठरवताना विसरू नये. हिवाळ्याच्या संध्याकाळी, नव्या जागेत, ज्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा व्हायची आहे, अशा माणसाला सलग करड्या पटात पायरीची कड दिसत नाही. ब्रिटनमधल्या सुगम्य बांधकामाच्या मार्गदर्शनात शेजारच्या दोन पृष्ठभागांच्या प्रकाश-परावर्तनात शंभरापैकी ३० गुणांचा फरक असावा असे मानतात. घरच्या घरी याची सोपी चाचणी अशी की, दोन्ही नमुने शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. दोन्ही एकाच राखाडीत मिसळून गेले, तर डोळ्याला कितीही वेगळे वाटले तरी तो फरक म्हाताऱ्या नजरेला पुरणार नाही. गडद ड्राइव्हवे असेल तर पायरीची कड फिकट आणि फिकट असेल तर कड गडद, एवढे केले तरी बरेच साधते. उतार असेल तर पृष्ठभागावर काचेचा बारीक चुरा पेरायला सांगावे. त्याने घसरण कमी होते आणि रंगात किंचित चमक येते, जी मला आवडते, माझ्या पत्नीला नाही.

उंबरठ्याबाहेर रांगोळी काढणाऱ्या घरांनी दारापुढे दोन-तीन फुटांची जागा रेझिनविना ठेवून तिथे गडद रंगाची गुळगुळीत फरशी बसवावी. रेझिनच्या खडबडीत पृष्ठभागावर रेघ सरळ येत नाही आणि रांगोळीची पूड फटींत जाऊन बसते, जिथून पुढे पाणी मुरायचे असते. हळद-कुंकू सांडले तर हळदीची काळजी करू नये, तिचा पिवळा रंग उन्हाने उडून जातो. पणतीतले तेल मात्र फटींत उतरते आणि फिकट खडीवर त्याचा गडद गोल राहून जातो, म्हणून पणत्या ताटलीत ठेवाव्यात. फटाके या पृष्ठभागावर लावूच नयेत. जळालेल्या रेझिनचा डाग धुऊन जात नाही.

काम चालू असताना

रंग पक्का झाला तरी तो जमिनीवर तसाच उतरेल याची खात्री कामाच्या दिवशीच होते. नेहमीच्या प्रमाणात २५ किलोच्या ४ पिशव्या खडी, थोडी बारीक वाळू आणि ७ ते ७.५ किलो रेझिन असा एक घाणा होतो आणि त्यात साधारण ४ चौरस मीटर जागा भरते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या ड्राइव्हवेला बारा-तेरा घाणे लागतात आणि चकलीच्या घाण्यांसारखेच ते सगळे एका रंगाचे निघणे हेच कसब आहे. एका घाण्यात रेझिन कमी पडले किंवा मिक्सर कमी वेळ फिरला, तर तेवढाच तुकडा फिका किंवा गडद दिसतो आणि तो कायमचा तसा राहतो. सर्व पिशव्या एकाच खेपेच्या आहेत का, हे काम सुरू होण्याआधी त्यांवरचे क्रमांक पाहून तपासावे. खाणीतला दगड खेपेगणिक बदलतो, त्यात पुरवठादाराची लबाडी नसते. दोन खेपा आल्याच असतील तर प्रत्येक घाण्यात दोन्हींतल्या पिशव्या निम्म्या-निम्म्या घालायला सांगाव्यात.

पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकलावे, मग पाया कितीही तयार असो. पॉलियुरेथेनला ओलावा लागला की त्यातून वायू सुटतो, फेस येतो आणि जागोजागी पांढुरकेपणा धरतो. गडद रंगावर तो फारच विद्रूप दिसतो. ओलसर पाया आणि ओली खडी यांनीही हेच होते. पाच अंशांखालच्या थंडीतही घाई करू नये. जुन्या आणि नव्या भागांत सांधा येणार असेल, तर तो मोकळ्या जागेत न ठेवता एखाद्या कडेला, दाराच्या रेषेत किंवा पट्टीखाली लपवायला आधीच सांगावे, कारण दुसऱ्या दिवशीचा घाणा पहिल्या दिवसाशी तंतोतंत जुळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

दुरुस्तीची वेळ पुढे कधीतरी येतेच. गॅसची किंवा पाण्याची कंपनी नळ दुरुस्त करायला नेमका तिथेच खड्डा खणते. त्या दिवसासाठी त्याच खेपेच्या दोन पिशव्या खडी जादा मागवून कोरड्या जागी ठेवाव्यात. रेझिन साठवू नये, ते डब्यात खराब होते. त्याचे फक्त नाव आणि प्रकार कागदावर टिपून ठेवावा. माझ्या शेडमध्ये अशा दोन पिशव्या आहेत. त्यांवर मार्करने तारीख आणि खेपेचा क्रमांक लिहिला आहे, आणि वर तो तळहाताएवढा नमुना ठेवला आहे, जो आठवडाभर भिंतीच्या पायथ्याशी पावसात पडून होता.